टेपच्या दुसऱ्या टोकाला

माफ करा, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. शाळा सातवीत सुटली, शब्दही साधेच येतात. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहून दिलंय. दौलतनाना शेकोटीपाशी वाचून दाखवतील. तर ऐका.

आपल्या चिंचमाळावर डेटा सेंटर होतंय. कॉम्प्युटरची मोठमोठी कपाटं ठेवायची इमारत. कोंडाकाकू म्हणते, "गावात फोनला रेंज नाही, अन् जगाचे फोटो आमच्या माळावर राहायला येणार!" हसा, हसा. मी तिथं मोजणीच्या कामावर. टेप धरायचा, खुंट्या ठोकायच्या, चुन्याच्या फक्कीनं पांढरी रेघ मारायची.

त्या संध्याकाळी मेंढरं खुंट्या तुडवून गेली. सकाळी सातला पोकलेन पाया खोदणार. खुंटी चुकली तर पाया चुकणार, अन् माझं काम जाणार. जोडीदार गेनू सासुरवाडीला गेलेला. अंधार पडला तरी मी निघालो. एकटाच!

सगळ्या खुंट्या बसवल्या. एक राहिली. टेपचं टोक मागच्या खुंटीच्या खिळ्याला अडकवलं अन् रेघेवरून चालू लागलो. रेघ मीच मारलेली, सरळ. चाललो, चाललो... बघतो तर पुढ्यात तीच खुंटी! खिळा तोच. पण टेपचं टोक खिळ्याला नाही.

पुन्हा चाललो. पुन्हा तीच खुंटी! बॅटरी मिणमिणली, विझली. अन् ऐका हं, हातातला टेप ताणला गेला. पलीकडून कुणीतरी ओढतंय!

"भिवा, नीट धर. मी पुढं जातो."

गेनूचा आवाज! जिवात जीव आला.

"कधी आलास रे?"

"आत्ताच. ये, अजून ये. थोडंच राहिलं."

तो ओढतोय, मी चाललोय. "ये भिवा, ये."

आणि मी जागीच थांबलो. गेनू मला भिवा कधीच म्हणत नाही हो! मी बोलत नाही म्हणून 'मुक्या' म्हणतो.

चकवा! चकवा लागला की सदरा उलटा घालून जागीच बसावं, हे नाना सांगतातच. टेप सोडला. सळसळत पुढं गेला. सदरा उलटा केला, मटकन बसलो. पाय लांब करतो तर काटक्या मोडून टाच आत गेली, खाली जमीनच नाही! एक दगड सुटला. आवाज नाही... आवाज नाही... मग डुबुक!

रात्रभर हललो नाही. "ऊठ की भिवा," खालून म्हणत होतं. तांबडं फुटेपर्यंत.

म्हणून सांगतो, अंधार पडल्यावर चिंचमाळाच्या वाटेला जाऊ नका. जोडीदाराच्या आवाजात हाक आली तरी नाही.

सकाळी पोकलेन आलं. चालवायला वर सत्तारभाई, तीन लेकरांचा बाप. रात्री दगड पडला, नेमका तिकडंच निघाला. मी मशीनच्या पुढ्यात जाऊन बसलो.

"ए, वेडा झालास का?" कामावरचे कारखानीस साहेब ओरडले.

"विहीर आहे, साहेब."

"नकाशात विहीर नाही."

चारचौघं बघत होते. तरी बोललो, "नकाशात नाही, साहेब. इथं आहे."

मी वाळल्या काटक्या अन् माती बाजूला ओढली. खाली काळं तोंड उघडं पडलं. सत्तारभाई उतरला, वाकून बघितलं, अन् मशीनची किल्ली खिशात टाकली. साहेबांनी नकाशा जमिनीवर पसरला. मी त्यांच्याकडून पेन मागून घेतला आणि त्या जागी विहिरीचा गोल काढला.