शीटचं बाहेरचं अंग

नाही म्हणजे नाही, गंधाली! काका-काका करून कितीही लाडीगोडी लाव — तुझ्या बाबाले या नरहरच्या काचेच्या दुकानात परत जागा नाही. काहून? मलेच विचारून राहिली, काहून? अवं, एकोणीस वर्षं संग काच कापली आम्ही. या गुढियारीत काच कापायचा हिरा धर्मपालच्या हातात पहिल्यांदा मी दिला — मी! अन् समता कॉलोनीतल्या दवाखान्याचं अख्खं दर्शनी काम निघालं, त हा बाप्पा मले न सांगता पलटला. म्हणे काच जड, काच फुटते, आता पारदर्शक प्लास्टिकच्या शीटचा जमाना आहे. कोणाले म्हणे? माझ्याच गिऱ्हाइकाले! खाल्ल्या घरचे वासे मोजले त्यानं. लय जिव्हारी लागलं वं.

हव, हव, दोन उन्हाळ्यांत शीट पिवळी पडली, माहीत आहे मले. डॉक्टरीणबाई त्याले चोर म्हणून राहिली, हलका माल लावला म्हणते, अन् आता कोणीच काम देत नाही — तेही ऐकलं. पण माल हलका नव्हता. खोटं काहून बोलू? चांगला होता माल. उलटा लावला ना त्यानं! त्या शीटच्या एकाच अंगाले ऊन सोसायचा लेप असते. वर चिकटवलेल्या पातळ पन्नीवर इंग्रजीत लिहूनच येते — हे अंग बाहेर ठेवा. तुझ्या बाबाले कुठं इंग्रजी येते? खोक्यावरचं, डब्यावरचं, सारं मीच त वाचून द्यायचो. वाचणाऱ्याले सोडून गेला, भोग म्हणावं आता!

मले कसं माहीत? दिसत होतं ना. काम चालू होतं तवा दवाखान्यासमोरच्या पानठेल्यावर उभा राहायचो मी — एक दिवस नाही, चार दिवस. बाहेरून कोरी पन्नी, अक्षरं सारी आतल्या अंगाले. हा मचाणावर चढलेला. मले पाहून हसला. वरूनच म्हणे, ‘भाऊ, बरोबर आहे ना?’ अन् मी — मी मान हलवली.

अशी काहून पाहून राहिली? धोका त मले दिला त्यानं, पोट्टी! मले! एकोणीस वर्षं म्हणजे काय कमी असते? उठली? बरं, जा. जा! अन् बाबाले सांग — नाही, थांब. त्याले नको सांगू. गंधाली? गंधाली वं...