डास मोजणाऱ्या बाई आणि अपन

नाही, तुम्हीच सांगा, डास काय मोजायची गोष्ट आहे? माणूस डास मारतो, डासाला शिव्या देतो, फार झालं तर खिडकीला जाळी बसवतो… पण मोजतो? आणि ह्या सुनीताजी, जूनच्या पहिल्या गुरुवारी, सकाळी अकराच्या ठोक्याला दारात हजर, खांद्याला झोळी, हातात काळा डबा, म्हणतात, "अंकलजी, मच्छर गिनने का सर्वे है, ये आपके गमलों के बीच रखना है." म्हटलं बाई, हे इंदौर आहे, इथे कचरासुद्धा सहा प्रकारचा असतो आणि मी सहाही प्रकार वेगवेगळे ठेवतो, माझ्याकडे डास कुठून येणार? तर म्हणे नाही आले तर शून्य लिहू, त्यात काय!

बरं, डबा तरी काय, अर्धा पाण्याने भरलेला, आत एक लाकडी पट्टी. डासीण येणार, पट्टीवर अंडी घालणार, पुढल्या गुरुवारी बाई येणार, भिंगातून अंडी मोजणार, पाणी फेकणार, नवी पट्टी लावणार… कुठल्या महिन्यात किती वाढले त्याचा हिशोब. आणि सगळे डास नाही हं, एकच जात, पायांवर पांढरे पट्टेवाली, डेंगूवाली. सुनीताजींनी सांगितलं, हा मूळचा इथला नाही, बाहेरून आला आणि इथलाच होऊन बसला. मी म्हटलं, मग आमचं काय वेगळं? आमचे खापरपणजोबा होळकरांच्या फौजेबरोबर आले, भाला कोपऱ्यात ठेवला, भुट्ट्याचा कीस खाल्ला आणि इथलेच झाले, आमची नाही कोणी दर गुरुवारी येऊन गणती केली! त्या हसल्या. तुम्हाला खरं सांगतो, माझ्या ओसरीत कोणी हसलं त्याला दोन वर्षं होऊन गेली होती.

मग निघाला फॉर्म. "घर में कौन-कौन हैं?" आता आपल्या इंदौरमध्ये माणूस स्वतःला 'मैं' म्हणतो का? अपन जा रहे, अपन खा रहे, एकटा असला तरी अपनच! मी म्हटलं, "बस, अपन हैं." त्यांनी पेन उचललं आणि लिहिलं, सदस्य दोन. मी पाहिलं ना, समोरच लिहिलं. सांगणार होतो, नाही हो, आमची मंगला गेली, चैत्रात दोन वर्षं झाली… पण जे मराठीत कधी कोणाला नीट सांगता आलं नाही, ते हिंदीत कुठून सांगणार? दोन तर दोन.

पण खोट्याला पाय फुटतात, भिया! पुढल्या गुरुवारी, "आंटीजी नहीं दिख रहीं?" म्हटलं, मंदिर गई हैं. त्याच्या पुढल्या गुरुवारी, नहा रही हैं. मग परत मंदिर. चाळीस वर्षांच्या संसारात मंगला जेवढी देवळात गेली नसेल तेवढी ह्या तीन आठवड्यांत जाऊन आली! आणि मी चहा टाकायचा तीन कप. एक सुनीताजींना, एक मला, एक झाकून ठेवायचा, आंटीजींचा. त्या गेल्या की तो गार झालेला मीच प्यायचो.

आणि डब्यात काय? शून्य. आठवडाभर घरात ये-जा कोणाची? दुधाची पिशवीसुद्धा दाराला लटकवून जातात. गुरुवारी अकरा वाजता काय ती एक बेल. आणि तिसऱ्या शून्याला सुनीताजी सांगतात, चार शून्यं लागोपाठ आली की डबा उचलून दुसऱ्या घरी! म्हणजे बेलही गेली. माझ्या स्वच्छतेनेच माझा घात केला की हो!

मग काय, कॉइल बंद. पंखा बंद. आमची रुची, मुलगी, बंगलोरला असते, तिने डास मारायची बिजलीची रॅकेट पाठवली होती, ती कपाटावर टाकली. कुंड्यांशेजारी खुर्ची घेतली, हाफ पँट घातली आणि भर दुपारी पाय पसरून बसलो, म्हटलं या, जेवायला या! समोरचा शंतनु गॅलरीतून विचारतो, काका, तबीयत बरोबर आहे ना? म्हटलं, पाहुण्यांची वाट बघून राहिलोय.

आले पाहुणे! चौथ्या मोजणीच्या गुरुवारी पट्टीवर खसखशीसारखी, पण काळी… अकरा अंडी! मी असा खूश, जसा काही नातवंडाचाच निरोप आला. पण सुनीताजी हसल्या नाहीत. म्हणाल्या, घर पॉजिटिव झालं, आता प्रत्येक सदस्याला समोर बसवून ताप विचारावा लागतो. "आंटीजी को बुलाइए."

आता कुठलं देऊळ सांगणार? तीन कप चहा समोर, एक झाकलेला. मी म्हटलं, "आंटीजी नहीं हैं, सुनीताजी." आणि झाकलेल्या कपावरची बशी काढून ठेवली.

त्या हळूच म्हणाल्या, "मालूम है. दूसरे ही हफ्ते पानी पीने अंदर आई थी, फोटो पे हार देखा था."

म्हटलं, मग दर वेळी दोनच का लिहिलं? तर म्हणाल्या, "अकेले आदमी का घर सर्वे में नहीं लेते, अंकलजी. एक लिखती तो डिब्बा उसी दिन उठाना पड़ता."

आणि मग माझ्या पोटऱ्यांवरचे चावे दिसले त्यांना! अशा रागावल्या, अशा रागावल्या… डेंगू हो जाता तो? कौन देखता आपको? मान खाली घालून ऐकून घेतलं. बरं वाटलं हो. किती दिवसांनी कोणी हक्काने रागावलं.

पण ह्या डासांचंही मोसमाचंच काम. नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी सुनीताजींनी डबा उचलला, म्हणाल्या, ठंडीत हे फारसे नसतात, आता जूनला. फॉर्म बंद करता करता विचारलं, "जून में सदस्य कितने लिखूँ?" मी म्हटलं, लिहा ना, अपन.

नाही, तुम्हीच सांगा, डास काय मोजायची गोष्ट आहे? काल भिंतीवर एक दिसला, पांढऱ्या पट्ट्यांचा, गारठलेला, उडवत नव्हतं बिचाऱ्याला. कपाटावरची रॅकेट काढली, बटण दाबलं… आणि ठेवून दिली. म्हटलं बस बाबा, जूनपर्यंत टिक कसातरी. फॉर्मवर सदस्य दोन लिहिलेत.