डॉक्टरबाईंची खुर्ची

—हो, हो, मिळाली तुझी चिठ्ठी, दारातच अडकवली होतीस ना, मंगळवारी दुपारी अडीचला येऊन गेलीस म्हणून. बस, लाकेर. ती पुस्तकं खाली ठेव आणि बस. मी दिलेली वेळ होती आणि मीच नव्हते, चूक माझी. म्हणजे एक वाजेपर्यंत होते मी इथे, याच टेबलाशी. पहिल्या वर्षाचे पेपर तपासत होते, जिन्याखालच्या त्या बाईकडून आमलेटची चपाती आणवली होती, अर्धी खाऊन झाली होती, तेवढ्यात फोन. जुस्तीनचा. वीस-बावीस वर्षांत जुस्तीनने मला फोन केलेला नाही, माझा नंबर तिने कुठून मिळवला कोण जाणे. म्हणाली, "नानसिकोंबी ना? लुताया गेला. सकाळी गोठ्यातून आला, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत गेला. उद्या दोनला माती आहे." आणि मी काय म्हणाले असेन? "कळवल्याबद्दल आभारी आहे." असं! ऑफिसातून पगाराच्या चिठ्ठीचा फोन यावा तसं! आणि फोन ठेवून मी आणखी दोन पेपर तपासले, मग तुझी वेळ विसरून खोलीला कुलूप लावलं नि घरी गेले. कुणाला किती मार्क दिले ते आठवत नाही, पुन्हा काढून बघायला हवेत ते, बिचाऱ्या पोरी.

लुताया कोण? काढ तुझा फॉर्म, त्यातच येईल. दे इकडे. "स्त्रीवादी विचार व उच्च शिक्षण यांचा जोडीदाराच्या निवडीवर होणारा परिणाम." चांगलं आहे, जरा लांब आहे. "आपल्या अभ्यासामुळे पुरुषांकडून असलेल्या आपल्या अपेक्षा वाढल्या का? एक ते पाच." पाच. लिही पाच. पाचच्या वर नाही ना काही? अगं, मला माणूस बघायला दोन तास पुरायचे, आला, बोलला, मार्क देऊन मोकळी. एक तर व्यासपीठावर बायकांच्या कष्टांवर असा बोलला होता की मागच्या रांगेत दोघी रडल्या, आणि माझ्या घरी येऊन चहा प्यायला नि कप तिथेच खिडकीत ठेवून गेला. तो कप मी आठवडाभर तसाच ठेवला होता, पुरावा म्हणून. हस, हस. मीपण हसायचे. एकटीच.

लुताया मात्र कप विसळायचा. तो गुरांचा डॉक्टर होता, मसाकाच्या बाजूचा. मी तेव्हा प्रबंध लिहीत होते, म्हणजे डॉक्टर व्हायचीच होते, तरी तो आधीपासून मला डॉक्टरबाई म्हणायचा. "घरात दोन दोन डॉक्टर होणार," म्हणायचा, "आणि कुणाला ताप आला तर शेजाऱ्याला बोलवायचं." विषय? गुडघे टेकणं. हो, तोच माझा विषय. तू उत्तरेकडची, तुमच्यातही आहे थोडंफार, पण आम्हा बागांडांत म्हणजे बाईने मोठ्यांना विचारायचं ते गुडघ्यांवरच. सकाळी भेटलं की "रात्र कशी गेली?" आणि त्याचं उत्तर येईपर्यंत, मग घरच्यांचं, मुलांचं, सगळं विचारून होईपर्यंत खालीच. माझ्या आईच्या दोन्ही गुडघ्यांना काळे घट्टे होते, उंटाला असतात तसे. आणि आमचे वडील तिने विचारलं की वर्तमानपत्र खाली न करता "हं" म्हणायचे. चौतीस वर्षं "हं". म्हणून मी ठरवलं होतं, मी टेकणार नाही. आणि लाकेर, हे नीट लिहून घे, ते ठरवलं त्यात माझं काही चुकलं असं मी आजही म्हणत नाही. उद्या पुन्हा प्रसंग आला तर मी उभीच राहीन. ते नाहीच गं. घोळ वेगळाच आहे.

घोळ असा की त्याच्या आईकडे मी पहिल्यांदा गेले ती सून व्हायला म्हणून, आणि पिशवीत टेपरेकॉर्डर घेऊन. एका फेरीत दोन कामं! मला फार हुशारीचं वाटलं होतं ते. तर सकाळचे दहा, अंगणात आई चटईवर बसलेली, बाजूला बाकावर दोन काका, आणि मी जाऊन उभी. उभ्यानेच विचारलं, रात्र कशी गेली. शब्द बरोबर होते, आवाजही नम्र होता. पण आई काही बोलेचना. रागाने नाही, तिला कळेचना की आपल्याला विचारलं आहे. तिच्या डोळ्यांसमोर माझा परकर होता, तोंड कुठे होतं? आणि तेवढ्यात हा, लुताया, माझ्या शेजारी होता तो, पुढे झाला, धबकन दोन्ही गुडघे टेकले, हात मांडीवर जोडले, अगदी नव्या सुनेसारखे, आणि बारीक आवाजात, "आई, रात्र कशी गेली? कोंबड्या बऱ्या आहेत का?" काका लोक असे हसले! एक म्हणाला, "बघा, आपण सून आणायला गेलो आणि मुलगी देऊन आलो." दुसरा उठूनच गेला. आई मात्र हसली नाही. तिने त्याला सगळी उत्तरं दिली, एकेक, कोंबड्यांचीसुद्धा. मग तो पँट झटकत उठला आणि मला म्हणाला, "दिवसातून दहा वेळा गाईपुढे टेकतो, आईपुढे एकदा टेकलो तर काय झिजतं?"

मला काय वाटलं? मला राग आला. माझं न टेकणं त्याने त्याच्या टेकण्याने झाकून टाकलं, असं वाटलं. आणि दुपारी मी टेप चालू करून आईची मुलाखत घेतली. प्रश्न बारावा, "गुडघे टेकताना तुम्हाला काय वाटतं?" मी वाट बघत होते ती म्हणेल कमीपणा वाटतो, नाहीतर म्हणेल सवय आहे, दोन्ही मला चाललं असतं. ती म्हणाली, "उभ्याने विचारणाऱ्याचे पाय आधीच पुढे निघालेले असतात गं. टेकलं की बसावं लागतं. मग उत्तर ऐकावंच लागतं." झालं. एवढंच. मी ते उतरवून घेतलं, आणि प्रबंधात घातलं नाही. कुठे घालणार? कुठल्याच प्रकरणात बसत नव्हतं. काढून टाकलं.

आणि त्याचं घातलं. त्याचं सकाळचं. लेख छापून आला माझा, पहिला मोठा लेख, त्यात एक परिच्छेद, "एल. या तरुणाने भावी पत्नीच्या देखत आईसमोर गुडघे टेकले. पुरुषाचे टेकणे हे हवे तेव्हा उठण्याच्या अधिकाराचे प्रदर्शन असते." पाठ आहे मला. नाव थोडंच दिलं होतं? नियमाप्रमाणे अक्षर. आमच्या घरी त्याच्या लोकांना लग्नाच्या बोलणीला बोलवायचा दिवस ठरायचा होता, आमच्यात होणाऱ्या जावयाला घरच्यांपुढे आत्याच उभी करते, तशी माझी आत्या त्याला पुढे करणार होती, तिने त्या दिवसासाठी कापडसुद्धा घेऊन ठेवलं होतं, आणि हा आला तो अंक घेऊन. कुठून मिळाला होता देव जाणे, गुरांचे डॉक्टर असलं वाचत नाहीत. उभा राहिला, याच खोलीत, त्या तिथे, कपाटाशी. म्हणाला, "यातला एल म्हणजे मी का?" हो म्हटलं. म्हणाला, "मी काही दाखवत नव्हतो, डॉक्टरबाई. आईला कुणीतरी विचारायला हवं होतं." आणि मी काय केलं? मी त्याला समजावून सांगितलं! व्यक्तीचा हेतू आणि कृतीचा सामाजिक अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत म्हणून. तीन संदर्भ दिले, लाकेर. पान क्रमांकांसकट. तो सगळं ऐकून घेत उभा होता, तोंडावर असं लक्ष, जसं गाय काय सांगते ते तो ऐकायचा तसं. मग म्हणाला, "बरं." कप विसळला आणि गेला. दिवस काही ठरला नाही. कुणी मोडलं असंही नाही. चार वर्षांनी त्याने लग्न केलं, या जुस्तीनशी, दोन मुली आहेत, मोठी त्याच्यासारखी उंच.

नाही, मी रडत नाही, हे डोळे पेपर तपासून असे होतात. तर बुधवारी गेले. सकाळी दहालाच पोचले, कुणी यायच्या आत. यायच्या आत कसलं, अंगण भरलं होतं, मागे केळी सोलणं चाललं होतं, बायका सगळ्या चटयांवर, आणि मधोमध ती. ऐंशीच्या पुढची आता, एवढीशी झाली आहे. मी लांब पायघोळ गोमेसी नेसून गेले होते, मुद्दाम. बसमध्ये ठरवलं होतं, आज टेकायचं. कुणी सांगितलं म्हणून नाही, कुणाची सून म्हणून नाही. तिचं उत्तर खालून ऐकायचं एकदा, बास. चटईच्या कडेशी आले, चपला काढल्या, आणि तेवढ्यात ती उंच पोरगी, थोरली, घरातून पळत आली. हातात प्लास्टिकची निळी खुर्ची. म्हणते कशी, "आजीने आतून काढायला सांगितली. आजी म्हणाली, डॉक्टरबाई येतील, त्या टेकत नाहीत, त्यांना खुर्ची लागेल."

सव्वीस वर्षं, लाकेर. मुलगा आत, आमच्या रीतीप्रमाणे झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळून ठेवलेला, आणि त्या बाईला माझी खुर्ची आठवली. टोमणा? नाही, टोमणा असता तर बरं झालं असतं, टोमण्याला मला उत्तर देता येतं. तिला खरंच वाटलं असणार की माझी गैरसोय होईल. बायकांनी सरकून जागा केली. खुर्ची तिच्या अगदी शेजारी मांडली, आणि मी बसले. सगळ्या अंगणात मीच एकटी वर. खाली बघितलं की तिच्या डोक्याचा रुमाल दिसायचा, तोंड दिसायचं नाही. ती वाट बघत होती, मला कळत होतं. उतरते, उतरते म्हणत होते मनात, आणि मग दोन वाजले आणि त्याला उचललं.

ते रेकॉर्डिंग बंद कर आता, मोबाइलवरचं. नाही, पुसू नकोस. पुसू नकोस, पण प्रबंधात घालणार असलीस तर माझं नाव नको. एन पण नको. अक्षरसुद्धा नको, कळलं? बारावा प्रश्न कोरा सोड. तुझा बारावा काय आहे? हां, तोच, "आपल्याला काही पश्चात्ताप वाटतो का?" कोरा. आणि दार लावून घे, माझा तीनचा तास आहे आणि मला हे दोन पेपर शोधायचे आहेत.

काय? नाही, काही बोलणं झालं नाही. ती खाली, मी वर. रात्र कशी गेली, एवढं त्या बाईला विचारायचं राहून गेलं.