कणकेचा सांधा

मंडळी, एक सांगा—घट्ट चांगलं, की सैल? पागोटं घट्ट बांधलं तर डोकं ठणकतं, सैल बांधलं तर वाऱ्यावर जातं! मग माणसानं राहावं तरी कसं? घाई नको. आधी तुळशीरामाची गोष्ट ऐका.

तुळशीराम खरमाटे. एसटीच्या वर्कशॉपात जन्मभर फिटर. माणूस निवृत्त झाला, पण हात कुठले निवृत्त व्हायला! अंगणात बायकोनं, गोदाक्कानं, देशी गुलाब लावलेले. ह्याच्या मनानं घेतलं—सिद्धनाथाच्या अभिषेकाला घरचं गुलाबपाणी काढायचं! आणि मांडली की भट्टी! ए मागच्यांनो, माना उंचावू नका—गुलाबपाण्याची म्हणतोय मी! गावालाही तुमच्यासारखंच वाटलं होतं. नळीतनं थेंब पडताना पाहून दोन भाविक तांब्या घेऊन कुंपणाशी आले, आणि वास घेऊन तोंड पाडून गेले.

आधी कुकरला रबराची नळी लावली. गुलाबपाण्याला वास कसला? सायकलच्या ट्यूबचा! मग तांब्याची हंडी आली. तांब्याची वेटोळी नळी गार पाण्याच्या बादलीतनं फिरली. पाणी उतरलं सुरेख! पण ह्याला चैन कुठं? झाकण नटबोल्टांनी आवळलं. उरला एकच सांधा—नळी झाकणात शिरते तिथला. तो गोदाक्का कणकेनं लिंपायची, आणि तिथनं जराशी वाफ सुटायची. झालं! ह्याचा जीव तिथंच अडकला.

"मी तिथं लांबी भरतो. दगडासारखा होतो सांधा!"

"लांबी? गाडीच्या पत्र्याचे खड्डे बुजवतात ती? अहो, देवाच्या अंगावर घालायचं पाणी! सोवळ्यात चालतं का असलं काही? कणीकच राहील."

"वाफ वाया जाते गं!"

"जाऊ दे. थेंब कमी पडला म्हणून नाथ रुसत नाही. तुम्हीच रुसता."

आणि रुसलाच की! जेवताना वर मान म्हणून नाही. पण कणीक राहिली.

जत्रेची सकाळ. ह्यानं हंडी पाकळ्यांनी गळ्यापर्यंत ठासली—जास्त पाकळ्या, जास्त सुवास! पाकळ्या फुगल्या, वर चढल्या, नळीच्या तोंडात बूच बसलं. आता वाफेनं जायचं कुठं, सांगा! गोदाक्का चुलीशी वाकून फुंकणी फुंकतेय. तुळशीराम बादलीपाशी. बाटलीत थेंब पडेना. हंडी घुमायला लागली—घूंऽऽ! वर्कशॉपातला माणूस, आवाज ओळखला.

"गोदे, मागं हो!"

शब्द तोंडात आहे तोवर—फट्ट! कणीक उडाली, नळी उडाली, वाफेचा लोट सरळ वर छपराच्या पत्र्याला!

धावला तो. तिचे हात बघतोय, तोंड चाचपतोय. "भाजलं का? डोळे उघड! बोल की काहीतरी!"

गोदाक्कानं पदरावरची पाकळी झटकली. "मला काय धाड भरलीय! छपराला अभिषेक झाला, आता नाथाचं काय?"

तुळशीराम मटकन खाली बसला. हसायला लागला आणि रडायलाही लागला. "लांबी भरली असती तर हंडीच फुटली असती गं. माझ्या हातानं मी तुला—"

"भरली नाही ना? मग उठा. मी कणीक मळते."

त्या दिवशी नाथाला अर्धीच बाटली गेली. पण हंडीही अर्धीच भरली होती, आणि सांधा तुळशीरामानं स्वतःच्या बोटांनी, कणकेनं लिंपला होता.

आता तुमचं बघू! हसताय काय? भावाशी बोलणं बंद, सुनेनं ब्र काढायचा नाही, पोरानं रडायचं नाही—नटबोल्ट आवळलेत, वर लांबी भरलीत, आणि म्हणता घर कसं शांत आहे! अहो, शांत नाही ते, घुमतंय! घट्ट राहा, जरूर राहा, पण एक सांधा कणकेचा ठेवा. आज घरी गेल्यावर कुणी फणकारलं तर ऐकून घ्या. तेवढी वाफ जाऊ द्या, माणूस वाचतं.

आणि आता नाथाचं नाव घ्या—तोंड मोकळं सोडून!