अर्ध्या खेपेच्या वस्त्या

(दुष्काळातला एप्रिल. पाणी समितीच्या जुन्या प्रोग्राममधली टँकरची यादी विनीतानं लातुरात बसून नव्यात आणली आहे. सटवाजीकाका उदगीरला, टँकरच्या डेपोत. फोन चालू.)

विनीता – सेव्ह दाबलंत ना काका?

सटवाजी – चारदा भरलं, चारदा दाबलं. ‘यशस्वी’ म्हणतंय अन् पान उघडलं की खेपांचा रकाना कोरा. चौदा वस्त्या कोऱ्या हायत. पाचला उद्याची यादी निघती. आकडा न्हाई दिसला तर डायव्हर व्यंकटी तिकडं गाडीच वळवत न्हाई.

विनीता – बाकी एकशे साठ गावं नीट आलीत. या चौदांतच काय वेगळं आहे?

सटवाजी – लहान हायत. मागं राहायची सवय हाय त्यांना.

विनीता – चेष्टा नको. जुन्या यादीत यांतल्या एका, पारूबाईच्या वस्तीपुढे काय आहे? जसंच्या तसं वाचा.

सटवाजी – अर्धी.

विनीता – अर्धी काय?

सटवाजी – खेप. गेल्या उन्हाळ्यात टँकर निम्मा रिता झाला अन् त्या बाईनं सोत्ता तोटी बंद केली. म्हणली, उरलेलं पुढल्या वस्तीला न्या. तवापासून ह्या चौदा वस्त्या जोडीजोडीनं टँकर वाटून घेतात. मी अर्धी लिवतो.

विनीता – अक्षरांत?

सटवाजी – मग कशात?

विनीता – काका, सापडलं! थांबा, थांबा. नव्या रकान्यात मी फक्त पूर्ण आकडे ठेवलेत. एक, दोन, तीन. अर्धी आली की तो गुपचूप सोडून देतोय आणि वर यशस्वी म्हणतोय. चूक माझीच.

सटवाजी – म्हंजी त्याच्या लेखी अर्धं म्हंजी काहीच न्हाई?

विनीता – मीच तसं शिकवलं त्याला. आता बदलते. ‘अर्धी’ दिसलं की शून्य पूर्णांक पाच... हं. पारूबाईचं पान बंद करून परत उघडा.

सटवाजी – उघडायलोय. नेट लई सुस्त हाय आज.

विनीता – काका?

सटवाजी – बसलं गं. शून्य टिंब पाच. बंद करून पुन्हा उघडलं, तरी हाय.

विनीता – मग बाकीच्या तेराही भरते. मोजा.

सटवाजी – सहा... नऊ... अकरा... चौदा. पाचाला वीस मिन्टं कमी हायत. ए व्यंकटी, चहा ठिव खाली, यादी घे.

विनीता – पारूबाईंना फोन करून सांगा, उद्या टँकर येतोय.

सटवाजी – फोन कशाला? टँकर वळला की ती तोटीपाशी येऊन उभी असती. निम्म्यावर बंद कराया.