गोदाफॉसचे देव

परदेशात हेन्डरसन गावी होतो तेव्हा आमच्या शेजारी सिग्रूनबाई राहायच्या, मूळच्या आइसलँडच्या. त्यांचा किस्सा तुम्हाला सांगितला नाही का? त्या वर्षी पुण्याहून आई आली होती. आल्याआल्याच तिने बजावलं, "ही शेवटची खेप. आता एवढा प्रवास झेपत नाही."

गणपतीचं विसर्जन आम्ही बॅकयार्डात, बादलीत केलं. मूर्ती पाण्यात गेली आणि कुंपणापलीकडून सिग्रूनबाईंनी हळूच विचारलं, "तुम्हीपण देव सोडलेत?"

मी चमकलो. त्या म्हणाल्या, "आमच्या गावाजवळ गोदाफॉस आहे, देवांचा धबधबा. हजार वर्षांपूर्वी तिथला सरदार ख्रिस्ती झाला आणि त्याने जुन्या देवांच्या मूर्ती त्यात फेकल्या, असं सांगतात. लहानपणी मी काठावर उभी राहायचे. वाटायचं, एखादा तरी वर येईल."

मी हे आईला मराठीत सांगितलं. ती हळहळली. "अरेरे! बोलवायचं विसरले असतील रे. त्यांना सांग, निरोप देताना 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणायचं असतं. मग येतात."

सिग्रूनबाईंनी ते शब्द आईकडून घोकून घेतले.

पुढच्या आठवड्यात आई निघाली. बॅग गाडीत ठेवतोय तोवर सिग्रूनबाई आल्या, आईचा हात धरला आणि एकेक शब्द जपून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी लवकर या."

आम्ही एअरपोर्टला पोचलो. उतरताना आई म्हणाली, "आता रीतसर बोलावणं झालंय. यावं लागणार."