पाठीवर बांधलेली मी

...तर मग मी बसले कशी असेन, तुम्हीच सांगा! पाठीवर एवढी थोरली सॅक घेऊन माणूस बसतं का? कलंडतं! मी कलंडलेच, उलट्या पडलेल्या कासवासारखी, हातपाय वर... आणि वहिनी म्हणते, "अगं, सॅक काढून बस ना!" काढते की! पण सॅक निघेल तर ना!

झालं काय, डोंगरातली आठवडाभराची चाल. हौस दादा-वहिनीची, फरफट माझी! त्यात आज सकाळी कड्याकाठची वाट, आणि मी तर पान हललं तरी दचकणारी. म्हटलं, पट्टा सुटला, सॅक एका अंगाला झुकली आणि तिच्यामागोमाग मी दरीत गेले तर? म्हणून छातीवरचा नि कमरेचा पट्टा बुटाच्या जादा नाडीनं बांधून टाकला. गाठीवर गाठ, गाठीवर गाठ... आणि पुढे ओढ्यात गळ्यापर्यंत भिजले! गाठीचा झाला दगड. डोक्यावरून सरकवावी, तर हनुवटीशी अडकते. कापावी, तर चाकू? अहो, सामानाची वाटणी वहिनीची. "एका वस्तूची दोन ओझी नकोत!" एकुलता एक चाकू माझ्याकडे. आणि मला चाकूची भीती, म्हणून मोज्यात घालून, टॉवेलात गुंडाळून, पार तळाशी, तंबूच्याही खाली! सॅक पाठीवर असताना तिथवर हात पोचतो कुणाचा?

आता कुणाला सांगू नका, पण मी मनात ठरवलं होतं. दुपारी फाटा लागतो, तिथून एक वाट खाली गाडीरस्त्याला जाते. तंबू दादाच्या हवाली करायचा आणि सुटायचं घरी! त्यानंतर परतीची वाटच नाही हो. फाटा आला. खाली चक्क बस उभी! पण सॅक निघेल तर ना! तंबूसकट पळाले तर ही दोघं उघड्यावर... दादाला म्हटलं, "सोडव ना रे!" त्यानं गाठ नुसती चाचपली. "छे, फारच घट्ट. मुक्कामावर बघू." आणि बस गेली! वर हॉर्न वाजवून गेली!

मुक्कामावर दादानं गाठीत एक काटकी खुपसली, जरा हलवली... सुटली!

"अरे, मग फाट्यावर काय झालं होतं?"

"फाट्यावर सोडवली असती, तर तू थांबली असतीस?"

घ्या! आणि उद्या पुन्हा कडाच. "उद्या नको हं बांधूस," म्हणतो. बांधणार! फक्त चाकू या खेपेला खिशात ठेवलाय... मोज्यात घालून. पण आता त्याचा उपयोग काय? फाटा तर मागे गेला!